सहा तासांचा दिवस आणि नऊ हजारांची आखणी

‘दिवस २, दुपारी ४.३० : मोंतेलिउसवेगनच्या कड्यावरून सूर्यास्त. फोटोसाठी उत्तम.’

आमच्या स्टॉकहोमच्या प्लॅनमधली ही ओळ, तिसऱ्या पानावर, ठळक अक्षरांत. डिसेंबरच्या मध्यावर स्टॉकहोममध्ये सूर्य पावणेतीनच्या सुमारास मावळतो. साडेचारला आम्ही तिघं त्या कड्यावर उभे होतो तेव्हा मिट्ट काळोख होता आणि नवरा विचारत होता, “सूर्यास्त कुठल्या बाजूला?”

हा प्लॅन आखून देणाऱ्या दादरच्या ऑफिसला मी पाचपैकी साडेतीन तारे देतेय. दीड तारा कुठे कापला ते सविस्तर सांगते, कारण या डिसेंबरात उत्तरेकडे जायचा विचार करणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे.

आधी सेवा काय ते सांगते. दादर पश्चिमेला, रानडे रोडपासून जवळ, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन टेबलांचं ऑफिस आहे. सहली विकत नाहीत; तुमच्या तारखा, वय, खाणंपिणं विचारून दिवसवार आखणी करून देतात, व्हिसाचे कागद लावून देतात, बुकिंग करून देतात. फी तिघांची मिळून नऊ हजार. विमान, हॉटेल, व्हिसा वेगळं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि तिथला मुलगा मनाने चांगला आहे. पहिल्याच भेटीत ‘मॅडम’वरून ‘काकू’वर आला.

आम्ही तिघं म्हणजे मी, नवरा आणि माझी मोठी बहीण. मी बँकेतून निवृत्त, पार्ल्यात राहते, वय ६१. नवरा ६४, सगळी नोकरी माझगाव डॉकमध्ये. ताई ६७, शाळेत शिकवायची, गुडघे कुरकुरतात पण जिद्द दांडगी. स्टॉकहोम निवडायला दोन कारणं. नवऱ्याला १६२८ साली पहिल्याच फेरीत बुडालेलं वासा जहाज बघायचं होतं आणि ताईला लुसियाचा सण. डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट, पांढरा झगा, कमरेला लाल पट्टा अशी मुलगी आणि तिच्यामागे गाणाऱ्या मुलामुलींची रांग. तो दिवस १३ डिसेंबरचा. मला काहीच बघायचं नव्हतं, मला मुंबईचा डिसेंबर सोडून खरी थंडी हवी होती.

आता कौतुकापासून सुरुवात करते, कारण व्हिसाच्या बाबतीत त्या मुलाने कमाल केली. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्याने आम्हाला ऑगस्टमध्येच बसवलं. फी माणशी ९० युरो. प्रवास विमा कमीत कमी ३०,००० युरोंच्या संरक्षणाचा लागतो. त्याने तीन पॉलिसींची तुलना करून दिली आणि ताईच्या रक्तदाबाची गोष्ट लपवू नका असं बजावलं. पेन्शनचे कागद, आयकर विवरणं, मुदत ठेवींच्या पावत्या, सगळ्याला क्रमांक घालून फाईल केली. बत्तीस वर्षं मी लोकांच्या कर्जाच्या फायली तपासल्या आहेत. इतकी नीट फाईल क्वचित बघितली. व्हिसा कसलीही विचारपूस न होता आला.

मग प्लॅन हातात आला, आणि माझी तपासायची खोड जागी झाली.

पहिल्या मसुद्यात तारखा होत्या २२ ते २७ डिसेंबर. मी विचारलं, “अरे, लुसिया १३ ला ना? आणि २५ ला तिथे काय उघडं असतं?” तो हसला. “काकू, ख्रिसमस आहे! सगळं उघडंच असणार. रस्त्यावर नुसती धमाल.” आमच्या इमारतीतल्या एका बाईंचा मुलगा सात वर्षं तिकडे आहे. त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, “२४ ला दुपारी तीनला सगळा देश टीव्हीसमोर बसून डोनाल्ड डक बघतो. रस्त्यावर कुत्रं दिसणार नाही.” ते कार्टून तिथे दर नाताळच्या आदल्या दिवशी लागतं, आणि त्यांचा मोठा दिवस २४ हाच. २५ आणि २६ ला सुट्टी. गामला स्तानमधला, म्हणजे जुन्या शहरातला, नाताळ बाजार २३ ला आवरतो. संग्रहालयांची दारं बहुतेक बंद.

म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुणी परदेशातून येऊन दादरच्या बाजारात दिवाळी शोधावी तसं झालं असतं. दिवाळी बघायची तर आधीच्या पंधरवड्यात कंदिलांच्या गल्लीत जायला हवं. पूजा घरात असते, आणि त्या घरात पाहुण्याला कुणी बोलावलेलं नसतं.

तारखा बदलून आम्ही १० ते १६ डिसेंबर केल्या. १३ तारीख शनिवारी येत होती, त्याचा फायदा पुढे सांगते. त्या मुलाने कुरकुर केली नाही, दोन दिवसांत नवा आराखडा पाठवला. पण त्यात खर्चाचा सगळा तक्ता युरोत! स्वीडन युरोपीय संघात आहे, चलन मात्र क्रोना. फॉरेक्स कार्डावर युरो भरले असते तर प्रत्येक कॉफीमागे बदलाचं शुल्क गेलं असतं. हे मी पकडलं. रोख तर आम्ही जवळपास वापरलीच नाही. पावापासून सार्वजनिक स्वच्छतागृहापर्यंत सगळीकडे कार्डच. ‘रोख घेत नाही’ अशा पाट्या दुकानांच्या दारावर असतात. ताईने पर्समध्ये जपून नेलेल्या नोटा जशाच्या तशा परत आणल्या.

आणखी एक: मेट्रो-बसच्या तिकिटांत ६५ वर्षांवरच्यांना सवलत असते. प्लॅनमध्ये तिघांचं पूर्ण भाडं. ताईला ते कळल्यावर ती दिवसभर खूश होती, जणू तिचं वय पहिल्यांदाच कामाला आलं.

चलन पकडलं, तारखा पकडल्या, सूर्य मात्र माझ्याही नजरेतून निसटला. ते मी मान्य करते.

पहिला पूर्ण दिवस, गुरुवार, आम्ही प्लॅनबरहुकूम वागलो. नऊला नाश्ता. खिडकीबाहेर नुकतं कुठे उजाडलेलं, कारण सूर्य साडेआठनंतरच उगवतो. दहाला वासा संग्रहालयात शिरलो. नवऱ्याला तिथून ओढून काढायला पावणेतीन वाजले. बाहेर आलो तर दिवस संपलेला! सहा तासांचा दिवस, त्यातले पाच तास आम्ही एका अंधाऱ्या दालनात काढले. त्यानंतर ‘सूर्यास्ताचा’ कडा, ज्याची कथा वर आली.

जहाजाबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण सगळ्या सहलीत त्याच्याइतकं मोठं काही नव्हतं. ६४ तोफांचं, अख्खं लाकडी, कोरीव सिंह आणि राजे चिकटवलेलं जहाज. बंदरातून निघाल्यावर जेमतेम १३०० मीटर गेलं, वाऱ्याचा झोत आला, कललं, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरलं आणि बुडालं. ३३३ वर्षांनी, १९६१ साली, वर काढलं. नवरा त्याच्यासमोर डॉकमधल्या इन्स्पेक्टरसारखा हात मागे बांधून उभा राहिला. “वरचं वजन बघ. बूड किती अरुंद! तळाला भार कमी. हे बुडणारच होतं.” मग म्हणाला, “बाल्टिकचं पाणी कमी खारं, म्हणून लाकूड खाणारा किडा तिथे जगत नाही. आपल्या बंदरात हे बुडलं असतं तर दहा वर्षांत भुगा.” शेजारी उभ्या असलेल्या एका जपानी गृहस्थांनाही त्याने ते समजावून सांगितलं. त्यांनी नमस्कार केला. चार तास पंचेचाळीस मिनिटं!

माझी तक्रार जहाजाबद्दल नाही, वेळेबद्दल आहे. हिवाळ्यात हे संग्रहालय पाचपर्यंत उघडं असतं आणि बुधवारी रात्री आठपर्यंत. आम्ही उतरलो बुधवारी दुपारी. वासा त्या संध्याकाळी ठेवलं असतं तर गुरुवारचा उजेड हातात राहिला असता. नऊ हजार घेणाऱ्याने एवढं बघायला हवं होतं. ठिकाणांमधलं अंतर त्याने मिनिटांत मोजलं होतं, पण तिकडे डिसेंबरात हिशेब मिनिटांचा नसतो, उजेडाचा असतो.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी पेन्सिल घेतली आणि प्लॅन उलटा केला. पावणेनऊ ते पावणेतीन बाहेर, तीननंतर आत. इतकंच. आणि सगळी सहल बदलली.

शुक्रवारी सकाळी स्लूसेनच्या धक्क्यावरून ८२ नंबरची फेरीबोट पकडून यूरगोर्डेन बेटावर गेलो. मेट्रोचंच तिकीट तिला चालतं, आणि ते ७५ मिनिटं चालतं. डेकवर वारा असा की बोलताना दात वाजत होते. पाणी शिशासारखं, वर पांढुरका उजेड, आणि त्यात अख्खं शहर पिवळ्या-तांबूस भिंती घेऊन उभं. तो उजेड दिवसभर सकाळचाच राहतो, सूर्य वर चढतच नाही. मग दुपारी सूर्य गेल्यावरही पाऊण तास गडद निळा प्रकाश टिकतो, आणि त्याच वेळी खिडक्या उजळायला लागतात. जवळजवळ प्रत्येक घराच्या खिडकीत सात दिव्यांचा त्रिकोणी स्टँड किंवा कागदाची चांदणी. आपल्या आकाशकंदिलांची सख्खी चुलतबहीण. त्या निळ्या पाऊण तासात नुसतं रस्त्यावर चालायचं. प्लॅनमध्ये या वेळेला ‘मोकळा वेळ, खरेदी’ असं लिहिलं होतं.

काळोख झाला की मेट्रो. हा सल्ला त्याचाच, आणि उत्तम. बहुतेक स्टेशनांत चित्रं, शिल्पं आहेत. त-सेंट्रालेन या मुख्य स्टेशनात निळ्या मार्गावर तर गुहेच्या छतावर निळ्या वेली रंगवल्या आहेत. वर ओलं-गार, खाली उबदार, बसायला बाक, ताईचे गुडघे सुखी. एका तिकिटात चार स्टेशनं उतरून-चढून बघितली. चर्चगेट-विरार केलेल्या माणसाला रिकाम्या बाकांचं स्टेशन हेच प्रेक्षणीय स्थळ.

शनिवार, १३ तारीख. त्या मुलाने ऑक्टोबरमध्येच एका मोठ्या चर्चमधल्या लुसिया मैफलीची तिकिटं काढून ठेवली होती, आणि यासाठी मी त्याला वाटेल तितके गुण देईन. आयत्या वेळी तिकिटं मिळाली नसती, दारावर ‘संपली’ची पाटी होती. सगळे दिवे मालवले. मागून गाणं आलं, आधी फक्त आवाज. मग मधल्या वाटेने ज्योती. पुढच्या मुलीच्या डोक्यावर खऱ्या मेणबत्त्या, मागे चांदण्यांच्या टोकदार टोप्या घातलेले मुलगे. ताई रडली. जुन्या पंचांगात ही रात्र वर्षातली सगळ्यात मोठी मानत असत, असं शेजारच्या बाईंनी सांगितलं. ताई म्हणाली, “म्हणून दिवे आणतात होय.” यावर मी काही बोलले नाही. माझा घसा दाटला होता.

लुसियाचा पाव, लुसेकॅट, हा केशराचा असतो. एसच्या आकाराचा, दोन टोकांना एकेक बेदाणा. केशर घालण्यात हात आखडता घेत नाहीत, पिवळाधमक. आम्ही केशर म्हटलं की श्रीखंड-शिरा एवढाच विचार करतो. इथे ते कॉफीबरोबर. शिवाय वेलचीचे बन. वेलदोडा इतका की नाक आधी पोचतं. भारतात पिकणारा मसाला इतक्या उत्तरेला इतक्या सढळ हाताने वापरतात याचं मला राहून राहून नवल वाटलं. जिऱ्याएवढ्या दाण्यांत भरडलेली वेलची दाताखाली येते, आपल्यासारखी पूड नाही. पेपरकाकोर म्हणजे पातळ आलं-दालचिनीची बिस्किटं, चहात बुडवायला झकास. ग्लॉग ही गरम मसालेदार वाईन, तळाला बेदाणे-बदाम. ताईने बिनदारूची घेतली आणि “काढा आहे, पण गोड” असा निकाल दिला.

जेवणाच्या बाबतीत प्लॅन पुन्हा घसरला. यूलबूर्ड म्हणजे नाताळचं मोठं बुफे जेवण, त्याचं टेबल त्याने ११ तारखेला ठेवलं होतं. मार्गशीर्षातला गुरुवार! दादरचा मराठी मुलगा आणि पंचांग बघत नाही. ताई अख्खा मार्गशीर्ष पाळते, नवरा फक्त गुरुवार, मी काहीच नाही. हॉटेलवाल्यांना मुंबईहूनच ईमेल टाकून रविवार करून घेतला. तिथे हेरिंग मासा पाच-सहा तऱ्हांचा: मोहरीतला, कांद्यातला, आणि बहुतेक सगळे साखर-व्हिनेगरात मुरवलेले. बांगडा तिरफळ घालून खाणाऱ्या जिभेला गोड मासा म्हणजे परीक्षाच, पण तिसऱ्या घासाला मी सरावले. शाकाहारींनी ‘यानसनचा मोह’ नावाच्या पदार्थापासून सावध राहावं. दिसतो बटाटा-क्रीमचा साधा भाजलेला थर, आत छोटे खारवलेले मासे असतात. ताईच्या ताटात पडलाच होता, वाढणाऱ्या मुलीने वेळेवर सांगितलं. ताईने मग दालचिनी घातलेली तांदळाची खीर दोनदा घेतली.

स्कानसेन हे खुलं संग्रहालय, १८९१ सालचं, देशभरातली जुनी घरं आणून टेकडीवर मांडलेली. तिथला नाताळ बाजार १९०३ पासून भरतो, आणि तो आठवड्याच्या शेवटच्या दिवसांतच. म्हणून शनिवार-रविवार तारखांत असणं महत्त्वाचं. आम्ही रविवारी उघडायच्या वेळेला गेलो. जुन्या घरांतल्या चुलींचा धूर, गवताचे बोकड, लोकांच्या कोटांना लटकणारे चमकते बिल्ले. हे बिल्ले गाड्यांच्या उजेडात चमकावेत म्हणून मोठी माणसंही लावतात. असे तीन विकत घेतले; ती आमची सगळ्यात शहाणी खरेदी. जुन्या शहरातल्या स्तूरतोर्येत चौकातला बाजार मात्र छोटा आहे, लाल टपऱ्या, अर्ध्या तासात संपतो. त्याच चौकात १५२० साली राजाने डझनावारी लोकांची मुंडकी उडवली होती, हे प्लॅनमध्ये ‘रंजक इतिहास’ या मथळ्याखाली होतं. तिथून जवळ एक गल्ली सगळ्यात अरुंद जागी ९० सेंटीमीटर आहे. लोक रांग लावून फोटो काढतात. माझं बालपण गिरगावच्या वाडीत गेलंय, मी पुढे निघाले.

कपड्यांबद्दल. त्या ऑफिसने अंधेरीतलं एक भाड्याचं दुकान सुचवलं. नोव्हेंबरच्या घामात तिथे कोट घालून बघणं हा एक स्वतंत्र अनुभव. कोट चांगले होते, डांबरगोळ्यांचा वास दुसऱ्या दिवशी गेला. बूट मात्र झिजलेल्या तळाचे निघाले. बर्फ नव्हताच, तापमान शून्याच्या वर-खाली, भुरभुर पाऊस. प्लॅनच्या मुखपृष्ठावरचा पांढरा गुबगुबीत बर्फ हे नशीब आहे, हमी नाही, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. जुन्या शहराच्या ओल्या दगडांवर ताईचा पाय घसरला. नवऱ्याने दंड धरला म्हणून निभावलं. त्याच दुपारी तिला खाचांचे रबरी बूट घेतले. कोट भाड्याने घ्या, बूट कधीच नाही. आणि आतले जाड थर्मल दुकानात-मेट्रोत शिरल्यावर असह्य होतात, कारण आत सगळीकडे उबदार असतं. लोकरीचा पातळ थर, वर झिप उघडता येईल असं काही, त्यावर वारा-पाऊस अडवणारा कोट. बस.

विमानतळावरून जलद रेल्वे वीसेक मिनिटांत शहरात सोडते. महाग आहे, पण रात्रभरच्या प्रवासानंतर तिघांच्या बॅगा बघता आम्ही तीच घेतली. लोकल स्वस्त वाटते, पण विमानतळाच्या स्टेशनातून जायचं वेगळं शुल्क भरावं लागतं. हे प्लॅनमध्ये अचूक होतं.

परत आल्यावर मी त्या मुलाला पेन्सिलने सुधारलेली पानं नेऊन दाखवली. त्याने फोटो काढून घेतले, चहा मागवला, आणि दोन हजार परत द्यायला लागला. मी घेतले नाहीत. व्हिसा आणि लुसियाच्या तिकिटांचे तेवढे होतातच.

परवा त्याचा फोन आला. एक कुटुंब डिसेंबरात हेलसिंकीला निघालंय. “काकू, सूर्य बघून ठेवलाय. सव्वातीनला मावळतो. सगळं बाहेरचं त्याच्या आत बसवलंय.”

“छान,” मी म्हटलं. “आणि २५ तारखेला तिथे काय काय उघडं असतं?”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग कागद उलटल्याचा आवाज. “बघून सांगतो, काकू.”